हाडातलं कॅल्शियम



दशलक्षण तोंडावर आलं आणि माझं उपवासाचं काही ठरेना. हाडांची घनता तपासली तेव्हा एका ठिकाणी टी-स्कोअर उणे 2.3 आला, दुसऱ्या ठिकाणी उणे 2.7. उणे 2.5 ला हाडं ठिसूळ झाली असं धरतात. मग मी अलीकडे की पलीकडे? मशीन बदललं की आकडा बदलतो, म्हणे. सूनबाई दहा उपवासांना सरळ नाही म्हणाली.

नात भौतिकशास्त्र शिकते. माझ्या गोळ्यांची बाटली हातात घेऊन म्हणाली, "आजी, यातलं थोडं कॅल्शियम आधी टायटॅनियम होतं." तारा फुटताना टायटॅनियम-44 घडतं, त्याचं पुढे स्कॅन्डियम आणि मग कॅल्शियम-44 होतं. आपल्या कॅल्शियममध्ये ते शेकडा 2 असतं. कॅसिओपिया ए या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषात ते टायटॅनियम अजून सापडतं.

मी बी.कॉम. घसाऱ्याचं गणित दिसलं की हात शिवशिवतात. अखेरची शिल्लक आणि घसाऱ्याचा दर कळला की आरंभीचा माल निघतो. स्फोटाला आपल्या हिशेबाने साधारण 340 वर्षं झाली. निम्मं व्हायला 60 वर्षं धरली तर पन्नासातला एक भाग उरतो. पण पूर्वी हीच मुदत 46 पासून 67 वर्षांपर्यंत निघत असे! 67 धरा, चौतिसातला एक. 46 धरा, 168 मधला एक. शिल्लक तीच, आरंभीचा माल पाचपट इकडचा तिकडे. आता 60 वर एकमत आहे.

दुसरं टोक मात्र सुटलेलंच. स्फोटात टायटॅनियमवर हेलियमचं केंद्रक आदळलं की त्याचं व्हॅनेडियम होतं. हा खर्च किती वेगाने होतो, त्यावर उरणारा माल ठरतो. स्वित्झर्लंडमधल्या एका संशोधन केंद्रातल्या किरणोत्सारी भंगारातून टायटॅनियम-44 काढून सर्नमध्ये हे मोजायला घेतलं. (भंगारातून! आपण जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतो तसं.) वेग अंदाजापेक्षा कमी असावा असं दिसलं, पण हाती आली ती वरची मर्यादा. नेमका आकडा नाही, आणि त्यांनी तसंच छापलं.

स्वाध्यायात हे सांगितलं तर एक ताई म्हणाल्या, "पुद्गलाचा बंध-भेद आपल्या शास्त्रात आहेच." आहे ना. पण दर लिहिलेला नाही. नाही ते आहे म्हणणं मला पटत नाही.

यंदा एकाशन धरलंय, त्यात दुधाचा पेला बसतो. सूनबाईने तपासणीचा नंबर लावलाय. या वेळी पहिल्याच मशीनवर.