देवमाशाची बोली

मराठी वर्तमानपत्रांत देवमासा अवतरतो तो बहुधा गुन्हेवृत्ताच्या पानावर. २०२१ पासून मुंबई, ठाणे, पुणे, सांगली, सिंधुदुर्ग अशा ठिकठिकाणांहून ‘व्हेल माशाची उलटी’ पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येत राहिल्या आहेत. मजकूर ठरलेला असतो : माल किती किलो, किंमत किती कोटी, अटकेत किती जण. नागपुरातून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र ५०० किलोमीटरांहून दूरच आहे. तेव्हा मी या बातम्या वाचतो ते समुद्राच्या ओढीने नव्हे, तर भाषेचा शिक्षक म्हणून. दर वेळी नजर अडते ती कोटींच्या आकड्यावर नाही, त्या तीन शब्दांवर. त्यांतला ‘मासा’ मासा नाही आणि ‘उलटी’ ही उलटी नाही.

पहिली गोष्ट शालेय पुस्तकातली आहे. देवमासा हा सस्तन प्राणी. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. दुसरी गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. ज्या जातीपासून हा पदार्थ मिळतो तिला इंग्रजीत स्पर्म व्हेल म्हणतात. तिचे मुख्य खाद्य म्हणजे खोल समुद्रातले माकूळ. माकुळाची पोपटासारखी टणक चोच पचत नाही. बहुतेक चोची देवमासा ओकून टाकतो. पण फार थोड्या प्राण्यांत, शंभरांतल्या एक ते पाचांत, त्या आतड्यात अडकतात आणि त्यांच्याभोवती मेणचट द्रव्याचे थर साचत जातात. हा गोळा विष्ठेबरोबर किंवा प्राणी मेल्यावर बाहेर पडतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लाटांवर आणि उन्हात वर्षानुवर्षे राहून त्याला गंध येतो, आणि अत्तरांत तो गंध टिकवण्याच्या कामी येतो म्हणून त्याला भाव येतो. म्हणजे देवमासा खरोखर जे ओकतो त्याला कोणी विचारत नाही, आणि जे ओकत नाही त्याला आपण उलटी म्हणतो.

या पदार्थाला आपल्याकडे जुनी आणि बरी नावे होती. अरबीतून आलेला ‘अंबर’ हा शब्द अत्तराच्या दुकानात आजही चालतो. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात साधारण रसांमध्ये ‘अग्निजार’ येतो. अग्निनक्र नावाच्या जलचराची वार समुद्राने किनाऱ्यावर टाकली आणि ती उन्हात वाळली की अग्निजार होतो, अशी तिथली कल्पना आहे, आणि अभ्यासक त्याची ओळख अंबराशी पटवतात. कल्पना शास्त्राला धरून नसेल. पण तिच्यात निदान एक जिवंत प्राणी आहे, त्याचा जन्म आहे. ‘उलटी’ या शब्दात फक्त किळस आहे आणि किळसवाण्या वस्तूला इतका भाव कसा, याचे कुतूहल.

इंग्रजी नावाची कथाही याहून प्रतिष्ठित नाही. या प्राण्याच्या प्रचंड डोक्यात मेणासारख्या तेलाचा मोठा साठा असतो. ते वीर्य आहे असे जुन्या शिकाऱ्यांना वाटले आणि ते नाव प्राण्याला कायमचे चिकटले. त्या तेलाच्या मेणबत्त्या इतक्या स्वच्छ जळत की एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात प्रकाश मोजण्याचे एककच त्यांच्यावरून ठरले. महाभारतातले तिमी आणि तिमिंगिल हे भयातून आलेले शब्द, ‘देवमासा’ हा विस्मयातून आलेला, ‘स्पर्म’ गैरसमजातून आणि ‘उलटी’ बाजारातून. यांपैकी एकही नाव तो प्राणी काय करतो यावरून आलेले नाही.

तो काय करतो? पहिली गोष्ट म्हणजे तो खोल जातो. पाऊण तास श्वास रोखून हजार मीटरांपर्यंत बुडी मारणे हे त्याचे रोजचे काम. तिथे उजेड नाही. म्हणून तो ‘टक्’ असा आवाज सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. उथळ पाणी त्याच्या कामाचे नाही. मुंबईसमोरचा समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरापर्यंत उथळच आहे. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यालाही हा प्राणी सहसा दिसत नाही. या बाबतीत मालवण आणि नागपूर यांत फारसे अंतर उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो कुटुंबात राहतो. आजी, आई, मावश्या, मुली आणि पिले असे दहा-बाराजणांचे हे मातृकुळ असते. पिलांना खोल जाता येत नाही, म्हणून माद्या आळीपाळीने बुड्या मारतात आणि वर कोणीतरी थांबते. कधी दुसरीच मादी पिलाला दूध पाजते. माहेर सोडतो तो इथे मुलगा. वयात येऊ लागलेले नर कुळातून बाहेर पडतात आणि ध्रुवांकडच्या थंड समुद्रात बराच काळ एकटे हिंडतात. माद्या मात्र जन्मभर एकमेकींबरोबर असतात.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ही कुळे आपसांत बोलतात. ‘बोलतात’ हे क्रियापद मी जपून वापरतो आहे, कारण त्या आवाजांना निश्चित अर्थ असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. भक्ष्य शोधताना सलग टकटक चालते. पण पृष्ठभागाजवळ एकत्र आल्यावर तेच आवाज मोजक्या, ठरावीक आकृतिबंधांत येतात. संशोधक त्यांना ‘कोडा’ म्हणतात. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटाजवळच्या कुळांचा एक प्रसिद्ध कोडा असा आहे : दोन संथ टकटकी आणि मग तीन भरभर. या कुळांचा अभ्यास शेन गेरो २००५ पासून करत आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तिथल्या सुमारे साठ देवमाशांच्या आठ हजारांहून अधिक कोड्यांचे विश्लेषण आहे. त्यात वापरलेल्या संज्ञा संगीतातून घेतल्या आहेत. आपल्या शब्दांत सांगायचे तर कोड्याला ताल आहे, लय आहे, समोरच्याच्या लयीशी जुळवून घेत किंचित लांबणे-आखडणे आहे, आणि कधी शेवटी एखादी जास्तीची टकटक म्हणजे अलंकारही आहे. पिले हे सारे शिकतात. सुरुवातीचे त्यांचे कोडे बोबडे असतात.

ज्या कुळांचे कोडे सारखे, त्यांचा मिळून एक मोठा समाज बनतो. हजारो देवमासे एका समाजाचे असू शकतात. दोन समाज एकाच समुद्रात राहिले तरी त्यांच्यातली कुळे एकमेकांत मिसळत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रशांत महासागरातील २३ ठिकाणच्या ध्वनिमुद्रणांवर आधारलेल्या अभ्यासात याहून चकित करणारी गोष्ट आढळली. समाजाची ओळख सांगणारे जे खास कोडे असतात, ते दोन समाजांचा वावर जिथे एकाच पाण्यात असतो तिथे एकमेकांपासून अधिकच वेगळे होतात. इतर साध्या कोड्यांत असा फरक पडत नाही. शेजारी परका असला की आपली बोली अधिक ठसठशीत होते, असा याचा अर्थ.

हे वाचले तेव्हा मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. नागपुरात आम्ही ‘मी येऊन राह्यलो’, ‘काय करून राह्यली?’ असे बोलतो. क्रियेचे चालू असणे दाखवण्याची ही सरळ, नियमबद्ध रचना आहे. ती मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याला गेली. दिवाळीत भेटायला आली तेव्हा ‘येतेय’, ‘करतेय’ असे बोलत होती. मी काही विचारले नव्हते, तीच म्हणाली, “सर, तिकडे तोंड उघडलं की हसायचे. आता घरी फोनवर आईशीसुद्धा तसं बोलता येत नाही.” नुकसान सांगावे तसे तिने ते सांगितले नाही, पास झाल्याची बातमी सांगावी तसे सांगितले. मला तेच अधिक लागले.

प्राण्यांवरून माणसांना उपदेश करण्याची आपल्याकडे पंचतंत्रापासून सवय आहे. ती इथे उपयोगाची नाही. देवमाशाला नोकरी मिळवायची नसते आणि मुलाखत द्यायची नसते. तरीही फरक कुठे आहे ते पाहावेसे वाटते. दोन समाज भेटतात तेव्हा समुद्रात वेगळेपण वाढते. आमच्या मुलीचे मात्र तीन-चार महिन्यांत पुसले गेले. मला वाटते, कारण एवढेच की त्या समुद्रात प्रमाण कोडा नाही. दोन्ही बोली आहेत, आणि कोणतीही एक दुसरीचा अपभ्रंश नाही. हे वाक्य आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला प्रमाणभाषा आणि बोली शिकवताना उच्चारतो, विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि पुण्याच्या गाडीत बसल्यावर ते विसरणेच शहाणपणाचे ठरते.

विसाव्या शतकात साडेसात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल मारले गेले. १९८६ मध्ये व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली, आणि आज जगात ते आठ लाखांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. संख्या काही प्रमाणात भरून येते. पण पिलू कोडा शिकते ते कुळातल्या मोठ्यांकडून. कुळ मेले तर तो शिकवायला कोणी नसते. एकोणिसाव्या शतकातल्या शिकारी जहाजांच्या रोजनिशा तपासून २०२१ मध्ये अभ्यासकांनी दाखवले की उत्तर प्रशांत महासागरात शिकार सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत भाल्यांचा नेम निम्म्याहून अधिक घटला होता. किलर व्हेलपासून बचावासाठी पिलांभोवती गोल करून थांबायची जुनी रीत जहाजांपुढे घातक होती. देवमाशांनी एकमेकांकडून पळायला शिकले असावे, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे कुळाबरोबर नाहीसे होते ते केवळ मांस आणि तेल नव्हे, शिकलेलेही नाहीसे होते. नागपूरच्या आसपास गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या आज्यांच्या घरांत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तर वर्तमानपत्रांना विनंती एवढीच की त्या पदार्थाला निदान ‘अंबर’ म्हणावे. शब्द छोटा आहे, मथळ्यात बसतो. प्राण्याच्या नावाबद्दल माझा आग्रह नाही. ‘देवमासा’ चुकीचा असला तरी आपला आहे. त्यातला मासा वर्गात दुरुस्त करता येईल. त्या मुलीला मात्र मी त्या दिवशी मुद्दाम विचारले, “आता काय करून राह्यली तू?” ती हसली आणि उत्तर पुण्याच्या मराठीत दिले.