बर्फाच्या पेटीचं गणित

हीट ट्रान्सफर हा विषय आपण परीक्षेच्या आदल्या रात्री शिकतो आणि पेपर झाला की दुपारपर्यंत विसरतो, हे हॉस्टेलवर कुणाला सांगायला नको. माझं पण तसंच झालं असतं. पण सेमिस्टर संपता संपता मालवणहून काकाचा फोन आला, "बाय, तू मेकॅनिकलाक आसस ना? मग माका खयची पेटी घेव ता सांग."

पेटी म्हणजे बर्फाची. काकाकडे आउटबोर्ड इंजिन लावलेली छोटी फायबरची होडी आहे. पहाटे निघायचं, दिवसभर गरवायचं आणि संध्याकाळच्या लिलावाला किनाऱ्यावर हजर. (गरवणे म्हणजे गळ टाकून मासे धरणे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द शिकवला नाही, तो मी काकूकडून उचलला.) गेल्या एप्रिलमध्ये त्याची थर्मोकोलची जुनी पेटी कोपऱ्यात फुटली. संध्याकाळपर्यंत बर्फाचं पाणी आणि वरचे मासे मऊ. मासा तोच, पण डोळा बसला आणि कल्ले काळपट दिसले की लिलावात बोली खाली येते. आमच्या घरात ही बोली फार महत्त्वाची. माझ्या फीचा एक हप्ता त्याच होडीतून येतो, त्यामुळे पेटीचा प्रश्न मी सबमिशनपेक्षा जास्त सीरियसली घेतला!

चुलत भावाला इंटरनेटवर दिसणारी ती जाड अमेरिकन कूलर हवी होती. बर्फ पाच दिवस टिकतो म्हणे! काकाचा एकच प्रश्न, "पाच दिवस बर्फ ठेवन मी काय करू? मी संध्याकाळी घराक येतंय." शिवाय ती रिकामीच दहा-बारा किलोची. म्हणून मी वही काढली.

समजा चांगल्या दिवशी २५ किलो मासे मिळाले. मासा पाण्यातून येतो तोच २८ अंशांवर, त्याला शून्याजवळ न्यायचंय. माशाची विशिष्ट उष्णता साधारण ३.५ किलोज्यूल आणि बर्फ वितळताना किलोमागे ३३४ किलोज्यूल घेतो. म्हणजे नुसते मासे गार करायलाच सात किलोहून जास्त बर्फ जातो! आता पेटीच्या भिंतीतून आत येणारी उष्णता. १०० लिटरची पेटी आणि नऊ तासांचं ऊन धरलं. इंचभर थर्मोकोल असेल तर साडेसहा किलो बर्फ वितळतो, चार सेंटिमीटर पफ असेल तर तीन किलो. दोन पेट्यांत फरक किती? साडेतीन किलो बर्फ. बस्स! फॅक्टरीतल्या लादीचा एक तुकडा.

म्हणजे एका दिवसाच्या फेरीत बर्फ खाणारा मुख्य गिऱ्हाईक मासाच असतो, भिंत नव्हे. पाच दिवसांचं इन्सुलेशन घेऊन काकाचे पैसे भिंतीत गेले असते. पफची पेटी घ्यावी असं मी म्हटलं, पण ती मजबूत असते म्हणून. थर्मोकोल कोपऱ्यात फुटतो, माशाचं पाणी शोषतो आणि मग कितीही धुवा, वास जात नाही.

वहीतलं उत्तर दहा किलो आलं तरी काका २५ किलो मासळीला २५ किलो बर्फ भरतो. आपल्यासारख्या उष्ण हवेत माशाइतकाच बर्फ घ्यावा, असं कोचीची केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थाही सांगते. कारण वहीत झाकण बंद असतं, होडीत ते सारखं उघडतं. आणि बर्फ प्रत्येक माशाच्या अंगाला लागायला हवा, तळाशी पडून उपयोग नाही. बांगडा, सुरमई अशा माशांत तर हा नुसता भावाचा प्रश्न नाही. ते गरम राहिले तर जीवाणू त्यांच्यात हिस्टामाइन तयार करतात आणि एकदा ते तयार झालं की शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याच्या अंगावर पित्त उठतं, चेहरा लाल होतो. मेसच्या भाजीने असं होत नाही, एवढं तरी मेसचं श्रेय!

आता आकार. मी म्हटलं, ५० लिटरच्या दोन घेऊ, उचलायला सोप्या. भरलेली मोठी पेटी साठ किलोच्या वर जाते आणि ती दोघांनी लाटेत उभं राहून उतरवायची असते. काकाने हात पसरून सुरमई दाखवली. चार-पाच किलोची सुरमई लहान पेटीत सरळ मावत नाही. "शेपटी दुमडली की भाव पण दुमडलो," म्हणाला. गणितातही दोन छोट्या पेट्यांचं पृष्ठफळ एका मोठीपेक्षा सव्वापट होतं, तेव्हा मला बोलायला जागा उरली नाही. मग बुटकी, लांबट, आतून जवळजवळ तीन फूट अशी पांढरी पेटी शोधली. उतरवताना अर्धा बर्फ किनाऱ्याआधीच समुद्रात टाकायचा, असं ठरलं.

काकाने दुकानात ज्या गोष्टी तपासल्या, त्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाहीत. पाणी काढायचं बूच पेटीच्या बाहेर आलेलं नको, दोरीत अडकून तुटतं. बिजागरी लोखंडी नको. झाकणावर माणूस बसला तरी वाकायला नको, कारण होडीत तेवढीच एक बसायची जागा! सकाळी बूच बंद ठेवून तो बर्फात बादलीभर समुद्राचं पाणी घालतो. सुट्या बर्फात माशाभोवती हवा राहते, पाणी मात्र सगळीकडून चिकटतं, म्हणून मासा झटकन गार होतो. कन्व्हेक्शनचा एवढा सोपा डेमो आमच्या लॅबमध्येही नाही. दुपारी रक्ताचं पाणी सोडून देतो, वर ओलं गोणपाट.

जुनी फुटकी पेटी टाकली नाही. तिला चिकटपट्टी मारून तिच्यात पिण्याचं पाणी, डबे आणि जास्तीचा बर्फ ठेवतात. ही सूचना माझी, आणि तिचा मला अभिमान आहे. होडीवर तहान लागलेली तीन माणसं म्हणजे दिवसात तीस वेळा उघडणारं झाकण. तेवढं गरम वारं आत गेलं की पफ असो की अमेरिकन, काही फरक पडत नाही.

पेटी घरी आली तेव्हा सगळ्यांनी हात लावून पाहिली. काकूने मात्र लगेच अट घातली. रोज रात्री सोड्याने आणि गोड्या पाण्याने धुवायची, झाकण उघडं ठेवून वाळवायची, आणि वाळेपर्यंत कुणी अंगणात आणायची नाही. पहिले दोन दिवस ते काम माझ्याकडे होतं. नंतर सुट्टी संपली.