भिंतीवरचा पांढरा थर

अक्कलकुव्याहून अंकलेश्वरची बस धरली तेव्हा क्लोरोबेंझीन मला फक्त पुस्तकातून ठाऊक होतं. कडू बदामाची आठवण देणारा त्याचा वास तिथल्या केमिकल प्लँटमध्येच भेटला.

कृती सांगायला सोपी. कोरड्या बेंझीनमध्ये लोखंड घालायचं आणि क्लोरीन सोडायचा. लोखंडाचं फेरिक क्लोराइड होतं, पुढचं काम ते करतं. निघणारा वायू पाण्यात मुरवला की हायड्रोक्लोरिक आम्ल. बेंझीन ओलं राहिलं तर उत्प्रेरक मरतो आणि भांडं कुरतडलं जातं. लोखंडाऐवजी ऊन मिळालं, तर याच दोघांपासून बीएचसी होते. शेतात धुरळायची ती पावडर १९९७ पासून बंद आहे.

खरं कसब थांबण्यात. क्लोरीन आपणहून थांबत नाही, क्लोरोबेंझीनचं डायक्लोरोबेंझीन करत सुटतो. म्हणून बेंझीन शिल्लक असतानाच व्हॉल्व्ह आवळायचा. सॅम्पलमध्ये हायड्रोमीटर सोडायचा. बेंझीनची घनता ०.८८, क्लोरोबेंझीनची १.११, काचेची नळी इवली इवली वर सरकते. ती कुठवर आली की पुरे, हे एका जुन्या ऑपरेटरदादांनी मला रात्रपाळीत शेजारी उभं करून शिकवलं. मग ऊर्ध्वपातन: ८० अंशांना उरलेलं बेंझीन, १३२ ला आपला माल. तळाशी राहिलेल्यातलं पॅरा-डायक्लोरोबेंझीन ५३ अंशांखाली गोठतं. मुतारीतल्या पांढऱ्या वड्या त्याच्याच.

आमचा माल नायट्रेशनला जायचा. तिथून रंग होतात, आणि तापावरच्या पॅरासिटॅमॉलकडेही वाट जाते.

दिवाळीला घरी आलो, तर कुडाच्या भिंतींवर पांढरट थर. मलेरियावाले डीडीटी फवारून गेले होते. क्लोरोबेंझीनचे दोन रेणू आणि क्लोरलचा एक, सल्फ्युरिक आम्लात जोडलेले. लहानपणापासून ज्या भिंतीला टेकून बसलो, तिच्यावर हेच होतं! शेतीसाठी १९८९ मध्ये बंदी आली. मलेरियासाठी ते ठेवलं.

आई शेणमाती कालवत होती.

“आई, सारवू नकोस. भिंतीवर बसलेला डास या थरानेच मरतो.”

“पोरं भिंतीला हात लावतात अन् तोंडात घालतात, त्याचं काय?”

तिचंही खरं होतं. महिनोन्‌महिने टिकतं म्हणून ते डास मारतं, आणि तसंच शरीराच्या चरबीतही साठून राहतं. मी गप्प झालो. पोरांचा हात पोचेल तेवढा खालचा पट्टा तिने सारवला. वरचा मी तिला तसाच ठेवायला लावला.