खिडक्या चोवीस, येळवस एक

जर्मनीहून भाऊजींनी आमच्या लेकासाठी चॉकलेटचं अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर आणलं. खिडक्या २४, ख्रिसमसपर्यंत रोज एकच उघडायची. पठ्ठ्याने एका संध्याकाळी सगळ्या उघडून फस्त केल्या! रिकामा पुठ्ठा मी टाकणार, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, येळवस मोजू." २०२४ ची वेळ अमावस्या ३० डिसेंबरला होती. ७ तारखेपासून बरोब्बर २४ दिवस.

मग रोज एका खिडकीत चिठ्ठी. भज्जीसाठी शेंगा सोल. पांडवांसाठी पाच दगड शोध, चुना लाव. शेजारच्या अज्जींना विचार, कन्नडमध्ये येळवसीला काय म्हणतात? (एळ्ळ अमावास्ये!) आंबिलीसाठी ताक राखून ठेव, हीसुद्धा एक चिठ्ठी, ते मात्र तो पिऊन बसला.

मामंजी गेल्यापासून सासूबाई भालकीकडच्या आमच्या शेतात फिरकल्या नव्हत्या. डबे भरून द्यायच्या, स्वतः घरीच. शेवटची चिठ्ठी लेकाने कुणाला न विचारता लिहिली: "आजी, तू पण चल."

त्या आल्या. कडब्याची खोप आम्ही वाकडी बांधली होती. उंड्यांचा डबा खाली ठेवून त्यांनी ती आधी सोडायला लावली.