आणखी एक पीळ

आमच्या घरातला नळ मी बंद केला, की तो उघडायलाही मलाच बोलवावे लागते. लोणच्याच्या बरणीचे फिरकीचे झाकण मी लावले, तर त्या आठवड्यात घरात कुणी लोणचे खात नाही. नळाचे वायसर बदलायला येणारा माणूस अलीकडे मला पाहून आदराने हसतो. त्याच्या संसाराला माझा हातभार आहे. हा दोष आनुवंशिक म्हणायचा. आमचे वडील सायकलच्या सीटचा नट आवळून झाल्यावर थांबत, घाम पुसत आणि "आणखी एक पीळ असू दे" असे म्हणून पुन्हा पान्याला लटकत. त्यात मी 34 वर्षे बँकेत काढली. तिजोरीला कुलूप लावले की ते तीनदा ओढून पाहायचे, ही तिथली सवय. निवृत्त होताना किल्ल्या परत घेतल्या, सवय कुणी मागितली नाही.

लाकूड, लोखंड आणि लोणचे यांनी हा स्वभाव आजवर सोसला. प्लॅस्टिकने सोसला नाही.

माझा नातू बारा वर्षांचा. त्याला आत्याने वाढदिवसाला रेडिओवर चालणारी मोटार दिली. मोटार म्हणजे मोटारीचे सुटे भाग. पूर्ण पैसे मोजायचे आणि जोडायची आपण, हे आमच्या सौ.ला शेवटपर्यंत पटले नाही. "इडलीचे पैसे घेऊन तांदूळ हातात ठेवण्यासारखं आहे हे," ती म्हणाली. मोटार जपानी. खऱ्या मोटारीच्या एक दशांश आकाराची. नातवाचा या विषयातला अभ्यास दांडगा. शिझुओकाच्या तामिया कंपनीने पहिली रेडिओवरची मोटार, पोर्शे 934, ही 1976 साली काढली, हे त्याने मला शाळेत सनावळ्या म्हणून दाखवाव्यात तसे म्हणून दाखवले. 1976 साली मी काय करत होतो, हे त्याने विचारले नाही. वायसर बदलत होतो.

तीन आठवडे तो जोडकाम करत होता. मला स्क्रूंची वाटी धरायचे काम होते. वाटी मी उत्तम धरली. मोटार पुरी झाली शनिवारी, आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांची शर्यत ठरली.

शनिवारी रात्री पाणी प्यायला उठलो, तर मोटार टेबलावर. पुढची चाके वळवणारे एक छोटे यंत्र असते, त्याला सर्व्हो म्हणतात. ते प्लॅस्टिकच्या दोन खुंट्यांवर स्क्रूने बसवलेले. त्यातला एक स्क्रू मला केसभर वर वाटला. आता केसभर म्हणजे किती, हे चष्मा नसताना ठरवणे अवघड. पण जबाबदार माणूस अशा वेळी झोपायला जात नाही. मी कपाटातून घरचा स्क्रूड्रायव्हर काढला. सोबत पुटपुटलो देखील. काय ते सांगायला नकोच.

स्क्रू फिरला. घट्ट झाला. आणखी घट्ट झाला. आणि मग एकदम हाताला काही लागेना. स्क्रू फ्री झाला! ज्यांच्या हातून असा स्क्रू फ्री झाला असेल त्यांना ही भावना ठाऊक आहे. जिन्यात शेवटची पायरी नसताना पाय टाकावा, तसे काहीसे. लोखंडी नटात स्क्रू जाताना लोखंडाशी लोखंड भांडते. इथे पोलादी स्क्रूने मऊ प्लॅस्टिकमध्ये आपले आटे आपणच पाडलेले असतात. जास्त पिळला, की तोच ते खरवडून काढतो. भोक बांगडीसारखे गुळगुळीत होते आणि स्क्रू त्यात नुसता गरगरतो. मी तो हळूच सरळ उभा केला, दिवा मालवला आणि झोपलो. म्हणजे आडवा झालो.

रविवारी दुसऱ्याच वळणावर सर्व्हो खुंटीवरून सुटला. मोटारीला सरळ जायला सांगितले तरी ती डावीकडे जाई आणि डावीकडे सांगितले तर विचारात पडे. शेवटी ती एका तुळशीच्या कुंडीवर आपटली. नातवाने मोटार उलटी करून पाहिली, स्क्रू बोटाने फिरवला आणि म्हणाला, "मीच जास्त आवळला असणार."

शेजारी त्याची आजी उभी होती. "तरी सांगते, धसमुसळेपणा नको," तिने त्याला ऐकवले. मी? मी कुंडीची माती सारखी करत होतो. बँकेत पाच पैशांचा फरक लागेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसणारा माणूस मी.

मग प्रायश्चित्त म्हणून दुरुस्ती अंगावर घेतली. दाराच्या बिजागरीचा स्क्रू ढिला झाला तर भोकात आगपेटीची काडी खुपसून वर स्क्रू पिळायचा, हे आमच्या पिढीचे ज्ञान. लाकूड लाकडाला धरते. प्लॅस्टिकच्या भोकातली काडी अर्धी फेरी टिकली आणि चुरा होऊन बाहेर आली. मी बोहरी आळीत गेलो. तिथल्या दुकानदाराने भोक किती, खोली किती, स्क्रू किती लांब, असे इतके प्रश्न विचारले, की मला मी मुलगी पाहायला आल्यासारखे वाटले. त्याच्या मते उपाय दोन. एक, लांब स्क्रू, म्हणजे तळाचे न झिजलेले प्लॅस्टिक तो धरेल. दोन, किंचित जाडा स्क्रू. दोन्ही घेऊन आलो. भोकाला तेवढी खोलीच नव्हती, लांब स्क्रू तळाला टेकून वर डोके काढून बसला. जाडा मी लावणार, तेवढ्यात नातवाने हात धरला. "खुंटी फुटेल, आजोबा. तिची भिंत बघा किती पातळ आहे." आरपार भोक असते तर खालून नट लावून प्रश्नच मिटला असता, हेही त्यानेच सांगितले.

शेवटी त्याने आजीच्या ढोकळ्यातला खाण्याचा सोडा मागितला. भोकात चिमूटभर सोडा, वर फेविक्विकचा एक थेंब. क्षणात चर्र झाल्यासारखे गरम होऊन नाकाला झोंबणारा वास आला आणि सोड्याचा दगड झाला. पुन्हा सोडा, पुन्हा थेंब. "ढोकळा फुगायचा तो सोडा हा," सौ. दारातून म्हणाली, "नि तुमच्याकडे त्याचा दगड होतो." हा भाग एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचा आहे म्हणून जमले, नायलॉनचा असता तर हा गोंद नीट धरत नाही, असे नातवाचे म्हणणे. मग त्याने बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने त्या दगडात अडीच मिलिमीटरचे भोक पाडले. स्क्रू तीन मिलिमीटरचा. उरलेल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आटे.

ते भोक तो इतक्या सावकाश पाडत होता, की मला बघवेना.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो. "तो स्क्रू शनिवारी रात्री..."

"माहितीय."

"म्हणजे?"

त्याने जुना स्क्रू माझ्यापुढे धरला. डोक्यावरच्या फुलीचे कोपरे खाल्लेले होते. जपानी फुली दिसायला आपल्या फिलिप्स फुलीसारखीच, पण मापाने वेगळी; घरचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात नीट बसत नाही, घसरून वर येतो आणि कोपरे खातो. त्याचा स्क्रूड्रायव्हर जपानी मापाचा. त्याच्या हातून फुली खाल्ली जाणे शक्य नव्हते.

"मग तू का म्हणालास, मीच आवळला म्हणून?"

"आजी होती ना तिथे," तो ड्रिलवरची भुकटी फुंकत म्हणाला.

मी काही बोललो नाही. त्याने नवा स्क्रू भोकावर ठेवला, जरासा फिरवून काढला, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. त्याचा, जपानी.

"आधी उलटा फिरवा," तो म्हणाला. "डावीकडे. हळू. आधीच्या आट्यात उतरला की कळतं. सरळ दाबून फिरवलात तर तो जुन्यांवर नवे आटे पाडतो आणि दोन्ही जातात."

मी उलटा फिरवला. आयुष्यात प्रथमच. अर्ध्या फेऱ्यात बोटांना बारीकसे 'टक्' जाणवले, स्क्रू जागेवर उतरला. मग उजवीकडे. एक फेरा, दोन, तीन. डोके सर्व्होला टेकले.

"बास!"

मी थांबलो. खरोखर थांबलो. पण हात अजून स्क्रूड्रायव्हरवर होता, आणि मनगटात कुठेतरी वडील घाम पुसत उभे होते.

"आजोबा," नातू म्हणाला, "स्क्रूड्रायव्हर द्या इकडे."