रात्रपाळी

जबलपूरच्या पूर्वेस खमरिया येथील आयुधनिर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, उभी राहिली. तिच्या वसाहतीत वाढलेल्या आम्हां मुलांना घड्याळाआधी भोंगा कळू लागे. वडील दारूगोळ्याच्या विभागात होते. कामाविषयी ते घरी अवाक्षर काढीत नसत; तसा दंडकच होता. एवढी एक गोष्ट मात्र त्यांनी पुष्कळदा सांगितली होती, की आत जाताना काडेपेटी आणि विडी दरवाज्यावर काढून ठेवावी लागते. ‘कुणावर अविश्वास म्हणून नव्हे,’ ते म्हणत, ‘माणूस एखाद्या क्षणी भान विसरतो म्हणून.’ स्फोटक द्रव्यांच्या इमारतींमध्ये अंतर राखलेले असते, मध्ये मातीचे उंच बांध घातलेले असतात. एका ठिकाणी भडका उडालाच तर तो शेजारी पोचू नये, ही त्यामागची योजना.

ही योजना घरातही लागू पडते, हे आम्हांस १९८४ च्या थंडीत कळले.

दादा तेव्हा बावीस वर्षांचा होता. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत तो दुसऱ्यांदा नापास झाला होता. पण कारण एवढेच असावे असे मला आज वाटत नाही. महिनाभर त्याची झोप उडाली होती. जेवणावर वासना नव्हती. मित्रांची आणलेली पुस्तके त्याने एकेकाच्या घरी जाऊन परत केली. आईने त्याची दृष्ट काढली, वडिलांनी ‘कुठेतरी कामाला लाग, म्हणजे असले विचार सुचणार नाहीत’ असे सुनावले. आणि एका संध्याकाळी त्याने आपले मनगटी घड्याळ काढून माझ्या हाती बांधले. ‘तुला आवडतं ना? राहू दे तुझ्याकडे.’ मी चौदा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ शाळेत सर्वांना दाखवीत हिंडलो. त्या आनंदाची मला अद्याप लाज वाटते.

ते घड्याळ पाहिले शेजारच्या काकूंनी. काकू नागपूरकडच्या, त्यांचा धाकटा भाऊ पूर्वी असाच गेला होता, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. त्या तडक आमच्या घरात आल्या, दादाच्या खाटेवर बसल्या आणि त्याचा हात हाती घेऊन म्हणाल्या, ‘काय रे, जीव द्यायचं येते का मनात?’ आईच्या हातातील भांडे खाली पडले. काकूंनी तिकडे पाहिलेही नाही. दादा बराच वेळ गप्प होता. मग ‘हो’ म्हणाला आणि ढसाढसा रडला.

असे विचारू नये, विचारल्याने नसते डोक्यात भरते, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. मनोविकारतज्ज्ञांचा आजवरचा अनुभव आणि अभ्यास याच्या उलट सांगतो. सरळ विचारल्याने विचार रुजत नाही, उलट एकट्याने वाहिलेले ओझे क्षणभर तरी खाली ठेवता येते. आपली भाषादेखील या बाबतीत फार भित्री आहे. ‘जिवाचे बरेवाईट करून घेणे’ असा शब्दप्रयोग आपण करतो. त्यातले ‘बरे’ कोणते, हे मला कधीच उमगलेले नाही!

वडिलांपुढे त्या रात्री दुसरीच भीती उभी होती. भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. एक वर्षापर्यंतची साधी कैद, दंड किंवा दोन्ही. दादाने प्रयत्न केला नव्हता, परंतु डॉक्टरांपुढे काही बोलावे तर प्रकरण पोलिसांत जाईल, मुलाला पुढे सरकारी नोकरी मिळणार नाही, असा त्यांचा ग्रह झाला होता. हा भ्रम निव्वळ त्यांचाच नव्हता. या कलमाने किती कुटुंबांना दवाखान्याच्या पायरीवरून मागे फिरविले असेल, त्याची गणती कोण करणार? १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले, १९९६ साली घटनापीठाने पुन्हा वैध ठरविले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो मे २०१८ मध्ये अमलात आला, असे मानले की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती. विरुद्ध सिद्ध न झाल्यास तिला शिक्षा करावयाची नाही, आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही. सरकारी नोकरास कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. आमच्या घराला हा कायदा चाळीस वर्षे उशिरा मिळाला.

काकूंनी वडिलांना एकच वाक्य ऐकविले: ‘भाऊजी, काडेपेटी दरवाज्यावर ठेवता ना तुम्ही?’ वडील उठले. एखादी इमारत तपासावी तसे त्यांनी सारे घर तपासले. ज्या वस्तूंविषयी शंका आली, त्या पेटीत घालून पेटी काकूंकडे दिली, किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधली. दादाने हे सारे पाहिले. कुणी ते त्याच्यापासून लपविले नाही.

पुष्कळांना हे वरवरचे वाटते. ज्याला जायचेच आहे त्याला कोण अडवणार, असे म्हणतात. परंतु श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. सान फ्रान्सिस्कोच्या पुलावर १९३७ ते १९७१ या काळात अडविलेल्या ५१५ जणांचा मागोवा रिचर्ड सीडन या अभ्यासकाने घेतला. १९७८ साली त्याने प्रसिद्ध केले की त्यांतील सुमारे ९४ टक्के माणसे एक तर हयात होती किंवा नैसर्गिक कारणांनी गेली होती. तो क्षण ओसरतो. तो ओसरेपर्यंत हाताशी काही नसावे आणि जवळ कुणी असावे.

जवळ असण्याची व्यवस्था वडिलांनी कारखान्याच्या रीतीने लावली. पाळ्या ठरल्या. रात्रीचे चार भाग पडले: आई, वडील, शेजारचे काका आणि, बराच हट्ट केल्यावर, मी. आठवड्याभरात काकूंच्या ओळखीने शहरातील मनोविकारतज्ज्ञ मिळाले. वडिलांच्या स्कूटरवर दादा मध्ये आणि काका मागे, असे तिघे जात. औषध लागू पडावयास काही आठवडे लागले. दादा हसू-बोलू लागला तेव्हा आम्ही पाळ्या मोडावयास निघालो; डॉक्टरांनी थांबविले. हुरूप परत येऊ लागतो ते दिवसही जपण्याचे असतात, असे ते म्हणाले. खरोखरच फाल्गुनात तो पुन्हा खचला, पण या वेळी त्याने स्वतः आईला उठविले.

थकलेल्या आईची विचारपूस मात्र कुणीच केली नाही. रुग्णाभोवतीच्या माणसांचा विचार आपल्याकडे फार उशिरा सुरू झाला. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीस प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या दीर्घ अनुभवातून पुण्यात कुटुंबीयांना आधार देणारी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट त्याच प्रयत्नांशी निगडित. त्यातील बहीण पाहताना मला सारखी आई आठवत होती. आज १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा अहोरात्र चालते. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तेथे मराठीतही बोलता येते, आणि आजाऱ्याच्या घरच्यांनाही. आईला तेव्हा दूरध्वनीच नव्हता. काकू होत्या.

वडील गेल्यावर त्यांच्या कागदांत एक वही सापडली. एका पानावर तारखा आणि पाळ्या, समोर प्रत्येकाची खूण. दादा आता निवृत्त झाला आहे. त्याने चष्मा लावून ते पान सावकाश वाचले, आणि माझ्या नावापुढच्या एका खुणेवर बोट ठेवून म्हणाला,

‘ही खोटी आहे. त्या रात्री तू झोपला होतास. पांघरूण मी घातलं होतं.’