नाव कोणी घ्यायचे? महाड आणि एका क्रियापदाचा इतिहास

१/ इंग्रजीतील ‘नॉमिनेट’ हे क्रियापद मराठीत एका शब्दात मावत नाही. सरकार एखाद्याला ‘नेमते’, सूचक नाव ‘सुचवतो’, पक्ष ‘उमेदवारी देतो’, नगरपालिका सदस्य ‘स्वीकृत’ करून घेते. या प्रत्येक वेळी नाव घेणारा वेगळा असतो. महाडच्या इतिहासात या फरकाला फार मोल आहे.

२/ आधी शब्दांचे कूळ. ‘नॉमिनेट’च्या मुळाशी लॅटिन ‘नोमेन’, म्हणजे नाम. ‘नेमणे’ कानाला जवळचे वाटते, पण ते ‘नियम’ या शब्दाच्या कुळातले : ठरवून देणे. ‘उमेदवार’ फारसीतून आला : उमेद बाळगणारा. एकात वरून आलेला हुकूम आहे, दुसऱ्यात खालून उगवलेली आशा.

३/ १९१९च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांत निवडून आलेल्यांचे बहुमत झाले. मताधिकार मात्र मालमत्ता आणि सारा यांवर बेतलेला होता. ज्यांच्याजवळ जमीनच नव्हती, त्यांच्या हाती मतही आले नाही. मुंबई कायदेमंडळात अस्पृश्य समाजासाठी आधी एक, पुढे दोन जागा ठेवल्या गेल्या, त्याही सरकारनियुक्त.

४/ त्या दोन जागांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची नेमणूक झाली. फेब्रुवारी १९२७मध्ये आंबेडकरांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. पुढच्याच महिन्यात, १९ आणि २० मार्चला, ते महाडच्या परिषदेचे अध्यक्ष होते.

५/ चवदार तळ्याचा प्रश्नही याच कायदेमंडळातून निघालेला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३मध्ये संमत झाला. जानेवारी १९२४मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्चला माणसे तळ्यावर गेली, पाणी प्यायली आणि नंतर त्यांच्यावर हल्ला झाला.

६/ पाण्यावर हक्क आहे, पण तो बजावता येत नाही. कायदेमंडळात प्रतिनिधी आहे, पण तो आपण निवडलेला नाही. १९२७च्या महाडमध्ये ही दोन्ही वास्तवे शेजारी शेजारी उभी होती.

७/ नेमलेल्या जागेवर बसूनच आंबेडकरांनी नेमणुकीची पद्धत नाकारली. १९२८मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि १४० जणांच्या मंडळात निवडणुकीने भरायच्या २२ जागा मागितल्या.

८/ नेमणुकीत एक व्यावहारिक मेखही होती. १९१९च्या कायद्यानुसार निवडून न आलेला मंत्री सहा महिन्यांपलीकडे पदावर राहू शकत नसे. म्हणजे नेमलेल्या सदस्याला बोलण्यास मुभा होती, पण मंत्रिपदाचा दरवाजा जवळपास बंद होता.

९/ पुणे करारानंतरच्या रचनेत मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ राखीव झाल्या. १९३७मध्ये आंबेडकर मतदारांच्या मतांनी आत गेले. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे महाडचे माजी नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीसही निवडून आले. त्याच वर्षी १७ मार्चला उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

१०/ जुना अर्थ आजही पुसलेला नाही. विधान परिषदेत राज्यपालनियुक्त आमदार असतात. नगरपालिकेत स्वीकृत सदस्य असतात. विशेष ज्ञान वा अनुभवासाठी घेतलेल्या या स्वीकृत सदस्यांना सभेत बोलता येते; मत मात्र देता येत नाही, हे राज्यघटनेनेच सांगितले आहे.

११/ आणि दुसरा अर्थ? आज महाड व पोलादपूर एकाच विधानसभा मतदारसंघात आहेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराच्या अर्जावर एका सूचकाची, अपक्षाच्या अर्जावर दहा सूचकांची सही लागते. सूचक त्याच मतदारसंघातला मतदार असावा, एवढीच मुख्य अट. जात, जमीन, सारा कोणी विचारत नाही.

१२/ पोलादपूरच्या डोंगरातली एखादी भूमिहीन बाई त्या कागदावर सही करू शकते. १९२७मध्ये तिच्यासारखीला मतही नव्हते. तिच्या वतीने नाव घेण्याचे काम गव्हर्नर करी. ‘नॉमिनेट’चा मराठी अर्थ शोधताना म्हणून आधी कर्ता शोधावा.